लेन्स डोळ्यामागे जात नाही आणि गडद काच म्हणजे संरक्षण नाही

पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला मुलगी येते, तेव्हा बहुतेक वेळा आई सोबत असते. मुलगी आरशात बघत असते आणि आई माझ्याकडे. आईचा पहिला प्रश्न ठरलेला : "लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर?" दुसरा : "गॅसपाशी उभी राहिली आणि वितळली तर?" या दोन्ही गोष्टी होत नाहीत. मग मी मुलीला विचारते, "तुझ्या मैत्रिणी लेन्स कशात ठेवतात गं?" ती सांगते, "सोल्युशनमध्ये. संपलं असेल तर पाण्यात, पण फिल्टरच्या." हे ऐकून मात्र आई जराही दचकत नाही.

साताऱ्यात चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत नंबर तपासत मला अठरा वर्षं झाली. लोक ज्या गोष्टींना घाबरतात, त्यांनी कुणाचा डोळा बिघडलेला मी एकदाही पाहिलेला नाही. डोळे बिघडतात ते ज्याची कुणालाच धास्ती वाटत नाही अशा गोष्टींमुळे. लेन्सच्या बाबतीत ते साधं पाणी आणि रात्रीची झोप. गॉगलच्या बाबतीत काचेचा गडद रंग बघून वाटणारा विश्वास. म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच, आणि थोडं सविस्तर लिहिते आहे.

लेन्स मागे का जात नाही

डोळ्याचा पांढरा भाग एका पातळ पारदर्शक आवरणाने झाकलेला असतो. हे आवरण पापणीच्या आत थोडं खोल जातं, तिथून वळतं आणि पापणीच्या आतल्या बाजूला अस्तरासारखं चिकटून पुढे येतं. म्हणजे तळ शिवलेला खिसाच. लेन्स फार तर त्या खिशाच्या तळापर्यंत जाईल, पलीकडे वाटच नाही.

खिशात मात्र ती अडकू शकते, आणि विसरलीही जाऊ शकते. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका ६७ वर्षांच्या बाईंची हकीगत छापून आली होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या एका डोळ्यातून २७ लेन्स निघाल्या. बाईंना वाटत होतं की वयामुळे डोळ्यात खुपतं आहे.

लेन्स वरच्या पापणीखाली सरकली तर घाबरू नका. हात धुवा. लेन्सवर चालतात असे ओलावा देणारे दोन-तीन थेंब घाला. खाली जमिनीकडे बघा, वरची पापणी हलकेच उचला आणि मग डोळा मिटून पापणीवरून बोटाने नाकाच्या दिशेने अलगद चोळा. बहुतेक वेळा लेन्स घडी होऊन कोपऱ्यात येते. चार-पाच वेळा करूनही आली नाही तर थांबा, कारण खरवडून डोळा लाल करण्यात अर्थ नाही. आमच्याकडे रंगाचा एक थेंब घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं की लेन्सचा तुकडा लगेच दिसतो. आणि अनेकदा असं होतं की लेन्स केव्हाच डोळ्यातून पडून बेसिनमध्ये गेलेली असते आणि माणूस तासभर डोळा चोळत बसलेला असतो.

विकत घेण्याआधी

चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी दाखवून किंवा फोनवर ऑर्डर करून लेन्स घेऊ नका. पहिल्या वेळी तर नाहीच. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे नंबर बदलतो. उणे ४ पर्यंत फरक नगण्य असतो, पण चष्म्याचा नंबर उणे ८ असेल तर लेन्सचा साधारण उणे ७.२५ येतो. शिवाय लेन्सला गोलाई असते. ८.४, ८.६, ८.८ असे आकडे खोक्यावर छापलेले असतात. गोलाई घट्ट झाली तर लेन्स डोळ्यावर रुतते, सैल झाली तर पापणीबरोबर घसरत राहते. म्हणून चाचणीची लेन्स घालून अर्धा तास बसवतात, पापणी मिटल्यावर ती किती हलते ते भिंगातून बघतात. एवढं न करता कुणी लेन्स हातात ठेवत असेल, तर त्या दुकानातून उठून या.

"मला सिलिंडर आहे, मला लेन्स चालत नाही," हे मी दर आठवड्याला ऐकते. सिलिंडर म्हणजे बुबुळाची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसली की लागणारा नंबर. त्याच्याही लेन्स मिळतात, त्यांना टोरिक म्हणतात. चाळिशीनंतर जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसावं यासाठीही लेन्स आहेत, फक्त त्यांची सवय व्हायला वेळ लागतो आणि सगळ्यांना त्या मानवतातच असं नाही. बुबुळाचा आकार शंकूसारखा होत असेल तर चष्म्यापेक्षा सेमी-सॉफ्ट, म्हणजे थोड्या कडक लेन्सनेच नीट दिसतं. लेन्समुळे नंबर वाढतो हाही गैरसमज. साधी लेन्स नंबर वाढवतही नाही आणि कमीही करत नाही. कॉलेजच्या वयात अनेकांचा नंबर तसाही वाढत असतो, आणि लेन्स नेमकी त्याच वयात सुरू होते.

रोज फेकायची, महिन्याची आणि वर्षाची असे प्रकार मिळतात. परवडत असेल तर रोजची घ्या. सोल्युशन नको, डबी नको आणि संसर्गाच्या निम्म्या वाटा तिथेच बंद. आठवड्यातून दोन-तीनदाच घालणाऱ्यांना तर ती महागही पडत नाही. महिन्याची घेतलीत तर पाकीट फोडलं त्या तारखेपासून महिना मोजा. "मी चारच वेळा घातली, अजून सव्वीस दिवस शिल्लक आहेत" असा हिशेब चालत नाही. पाकीट फोडलं की लेन्सचं आयुष्य सुरू होतं, डबीत पडून असली तरी. खोक्यावर पेनाने तारीख लिहून ठेवा.

घालायची कशी

नखं कापा. साबणाने हात धुवा. क्रीमयुक्त, खूप सुगंधी साबण नको, त्याचा थर बोटावर राहतो आणि लेन्सवर उतरतो. मग हात पूर्ण कोरडे करा, आणि धागे सुटणाऱ्या टॉवेलने नको. ओल्या बोटाला लेन्स चिकटून बसते आणि डोळ्यावर उतरायला तयार होत नाही. नवशिक्यांची निम्मी रडारड या एका ओल्या बोटामुळे असते.

नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरू करा, म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होत नाही. बेसिनवर उभं राहू नका. टेबलावर आरसा आडवा ठेवा, त्याखाली स्वच्छ कागद पसरा.

लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवा आणि डोळ्यांच्या उंचीवर आणून बाजूने बघा. काठ सरळ वर आले असतील आणि वाटीसारखी दिसत असेल तर ती सुलटी. काठ परातीसारखे बाहेर पसरले असतील तर उलटी. उलटी लेन्स घातली तर डोळा जात नाही, ती टोचते आणि सारखी हलते एवढंच. काढा, सोल्युशनने धुवा, सुलटी करून घाला.

आता दुसऱ्या हाताच्या बोटाने वरची पापणी केसांच्या मुळाशी धरून वर उचला. पापणी मधोमध किंवा भुवईजवळ धरलीत तर ती निसटते आणि डोळा मिटतोच. लेन्स असलेल्या हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी खाली ओढा. आरशात स्वतःच्याच डोळ्याकडे बघा आणि लेन्स टेकवा. ढकलायची नाही, फक्त टेकवायची. अश्रूंचा थर तिला ओढून घेतो. हळूच खाली बघा, आधी खालची आणि मग वरची पापणी सोडा, दोन-तीनदा उघडझाप करा. नीट बसलेली लेन्स मिनिटभरात जाणवेनाशी होते. खुपत राहिली तर "होईल सवय" म्हणून सोडून देऊ नका. काढा, धुवा, काठ फाटला आहे का ते उजेडात बघा. फाटली असेल तर फेका.

पहिल्या दिवशी चार तास पुरेत. मग रोज तास-दोन तास वाढवत आठ ते दहा तासांपर्यंत जा.

काढायची आणि धुवायची कशी

काढताना सगळ्यात जास्त चुकते ती गोष्ट अशी, की लेन्स डोळ्यात नसतेच आणि माणूस बुबुळालाच चिमटा घेत असतो. म्हणून आधी दुसरा डोळा झाका आणि लांबची पाटी वाचून बघा. स्पष्ट दिसलं तरच लेन्स बुबुळावर आहे. मग वर बघा, तर्जनीने लेन्स बुबुळावरून खाली पांढऱ्या भागावर सरकवा आणि तिथे अंगठा व तर्जनीच्या मऊ भागाने चिमटीत धरा. नख लावू नका. कोरडी वाटत असेल तर ओलाव्याचे थेंब घालून दोन मिनिटं थांबा.

लेन्स तळहातावर ठेवा, सोल्युशनचे काही थेंब घाला आणि बोटाने दोन्ही बाजू दहा-दहा सेकंद चोळा. बाटलीवर "चोळायची गरज नाही" असं लिहिलेलं असलं तरी चोळा. दिवसभरात चिकटलेला थर नुसत्या भिजवण्याने निघत नाही. पुन्हा सोल्युशनने धुवा, डबीत ताजं सोल्युशन भरा, त्यात लेन्स बुडवा.

डबीतलं कालचं सोल्युशन फेका. त्यातच थोडं नवं ओतून भागवू नका. वापरलेल्या सोल्युशनमधली जंतू मारायची ताकद संपलेली असते. सकाळी लेन्स घातली की डबी रिकामी करा, सोल्युशननेच खळखळून घ्या, टिश्यूने पुसा आणि टिश्यूवर उलटी, उघडी ठेवा. न्हाणीघरात ठेवू नका, तिथली दमट हवा डबीला घातक. डबी दर तीन महिन्यांनी बदला. लोक दोनशे रुपयांच्या सोल्युशनची चिंता करतात आणि तीन वर्षांची हिरवट झालेली डबी जपून ठेवतात. मी कुणाचीही डबी मागून बघते. माणूस लेन्स कशी सांभाळतो ते तिच्यावरून कळतं.

नुसतं सलाईन म्हणजे सोल्युशन नव्हे. ते धुवायला चालतं, जंतू मारत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन घेतलंत तर त्याची खास डबीच वापरा आणि लिहिलेले सहा तास पूर्ण होऊ द्या. आधी लेन्स घातली तर डोळ्यात आग होते आणि बुबुळ भाजतं.

पाणी

नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या, तलावाच्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. पिण्यातून तो सहसा काही करत नाही. पण लेन्सवर चिकटून बुबुळावर पोचला आणि तिथे बारीक ओरखडा असला, की आत शिरतो. स्वतःभोवती कवच करतो. पोहण्याच्या तलावात घालतात तेवढ्या क्लोरीनला ते कवच दाद देत नाही. वेदना भयंकर, उपचार महिनोन् महिने, आणि मागे बुबुळावर फूल राहू शकतं.

मग फिल्टरचं, उकळलेलं, बिसलरीचं पाणी? तेही नको. पाणी आणि अश्रू यांच्यातलं क्षारांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे पाण्यात भिजलेली मऊ लेन्स फुगते आणि डोळ्यावर घट्ट बसते. शिवाय कोणत्याही पाण्यात रात्रभर जंतू मारत राहील असं काही नसतं.

म्हणून आंघोळ आधी, लेन्स नंतर. विहिरीत सूर मारायचा असेल, वॉटरपार्क असेल, गोव्याच्या किनाऱ्यावर लाटांत उतरायचं असेल तर लेन्स काढून जा. पोहायचे नंबरचे गॉगल मिळतात. लेन्सवर पाणी उडालंच तर बाहेर आल्यावर लगेच काढा, रोजची असेल तर फेका. पावसात दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवा. आणि थुंकीने ओली करून लेन्स परत घालणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करते, तोंडात जंतूंचं गाव असतं, ते डोळ्यात नेऊ नका.

झोप

बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन उघड्या डोळ्याला हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. डोळा मिटला की तो साधारण एक तृतीयांशावर येतो. त्यात वर लेन्सचं झाकण. लेन्स घालून झोपणाऱ्यांना संसर्गाचा धोका ६ ते ८ पट असतो.

मी शिकत असताना परीक्षेनंतर रात्रीच्या बसने घरी निघाले होते. दमले होते, लेन्स काढायला हात धुवायला हवेत म्हणून टाळलं, आणि सहा तास तशीच झोपले. सकाळी उतरले तेव्हा उजेडाकडे बघवेना. डोळ्यात काच मोडल्यासारखी ठणक. बुबुळाच्या काठाला पांढरा ठिपका आला होता. पुढचे तीन दिवस रात्रंदिवस दर तासाला थेंब घालायचे होते. आई गजर लावून रात्रभर उठायची, मी डोळा उघडायचे, ती थेंब सोडायची. आजही भिंगातून बघितलं तर तिथे पुसट डाग दिसतो. मधोमध आला असता तर हे काम मला करता आलं नसतं. म्हणून प्रवासाच्या पिशवीत जुना चष्मा, रिकामी डबी आणि छोटी सोल्युशनची बाटली ठेवाच. हात धुवायची सोय नसलेल्या लांबच्या प्रवासाला तर चष्माच घालून निघा.

डोळा लाल झाला तर

लेन्स लगेच काढा. "काढली आणि बरं वाटलं" म्हणून तासाभराने परत घालू नका. लाली, ठणका, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, चिकट घाण किंवा पांढरा ठिपका, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. जंतू कोणता आहे ते त्यावरून प्रयोगशाळेत तपासता येतं. मेडिकलमधून मागच्या वेळचे थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आतला संसर्ग जोमाने पसरतो. गुलाबजल, मध, कोथिंबिरीचा रस, काहीही नको. डोळ्यावर पट्टी बांधू नका, बंद डोळ्यातली ऊब जंतूंना मानवते.

स्वयंपाकघर, काजळ, गुलाल

फोडणीच्या वाफेने लेन्स वितळत नाही. लेन्स वितळेल एवढी उष्णता असेल तर त्याआधी चेहरा भाजेल. कांदा चिरताना तर लेन्स उपयोगीच पडते, बुबुळ झाकलेलं असल्याने पाणी कमी येतं. खरी काळजी मिरचीची. ठेचा केलात, मिरच्या निवडल्यात आणि रात्री त्याच बोटांनी लेन्स काढलीत तर काय होतं ते अनुभवलेली माणसं विसरत नाहीत. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी हाताला खाण्याचं तेल चोळा, मग साबणाने दोनदा धुवा. उन्हाळी मसाल्याचे दिवस असतील तर सरळ चष्मा घाला. मिरची लागलेली लेन्स कितीही धुतली तरी परत घालू नका.

काजळ पापणीच्या आतल्या ओल्या काठावर भरू नका. अश्रूंना स्निग्धता देणाऱ्या ग्रंथींची तोंडं तिथेच असतात, ती बुजतात आणि कणही लेन्सवर उतरतात. मेकअपच्या आधी लेन्स घाला, मेकअप पुसायच्या आधी लेन्स काढा. आणि लग्नसराईतला एक प्रकार मला फार काळजीत टाकतो : मेकअप करणारीकडच्या रंगीत लेन्स. एकीच्या डोळ्यातून काढलेली जोडी दुसरीच्या डोळ्यात जाते. नंबर नसलेली रंगीत लेन्सही लेन्सच आहे. मापाची तपासणी, सोल्युशन, झोपेचा नियम सगळं तिलाही लागू. नवरीसाठी स्वतंत्र, न फोडलेली जोडी आणा.

होळी, रंगपंचमी, विसर्जनाचा गुलाल या दिवशी चष्मा.

डोळे आले आणि काळा गॉगल

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते. शाळा, वसतिगृहं, घरंच्या घरं. त्या महिन्यात आमच्याकडे गॉगलला एवढी मागणी होती की स्टँड रिकामे झाले. लोक म्हणायचे, "साथीचं माणूस समोर आलं की नजरेने डोळे येतात, म्हणून गॉगल द्या." नजरेने डोळे येत नाहीत. रोग्याचा हात डोळ्याला, तोच हात दाराच्या कडीला, टॉवेलला, फोनला, आणि तिथून तुमच्या बोटाला, असा तो प्रवास आहे. डोळे आलेल्याने गॉगल घातला तर उजेड सुसह्य होतो आणि हात सारखा डोळ्याकडे जात नाही, एवढा उपयोग खरा. निरोगी माणसाने मात्र गॉगलपेक्षा साबणावर पैसे खर्च करावेत.

लेन्सवाल्यांसाठी : डोळे आले की लेन्स त्या दिवसापासून बंद. डॉक्टरांना दाखवून झालं की ती जोडी आणि डबी फेका. डॉक्टर सांगतील तेव्हाच, नव्या जोडीने सुरू करा.

गॉगल निवडताना

काचेचा रंग दिसणारा उजेड कमी करतो. इजा करणारे अतिनील किरण दिसत नाहीत, आणि ते अडवणं हे काचेच्या पदार्थाचं किंवा लेपाचं काम, रंगाचं नव्हे. अगदी पांढरी काचही ते पूर्ण अडवू शकते आणि काळीकुट्ट काच ते आत सोडू शकते. तशी काळी काच तर उघड्या डोळ्यापेक्षा वाईट. उन्हात आपण डोळे बारीक करतो, बाहुली आकसते. काळ्या काचेमागे डोळा निवांत उघडा राहतो, बाहुली मोठी होते आणि किरणांना रुंद दार मिळतं.

तर पहिली पायरी : अतिनील किरणांना इंग्रजीत यूव्ही म्हणतात, म्हणून "यूव्ही ४००" किंवा "४०० नॅनोमीटरपर्यंत १०० टक्के" असं लिहिलेलं आहे का ते बघा. चिकटवलेला कागद कुणीही छापू शकतो, म्हणून दुकानात यंत्रावर तपासून मागा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी काउंटरवर आणखी एक गोष्ट दाखवते. पाचशेची नोट घ्यायची आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च तिच्यावर मारायचा. नोटेचा क्रमांक चमकतो, कारण त्याची शाई अतिनील किरणांत उजळणारी असते. आता टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरायची. चमक विझली तर काच किरण अडवते आहे. क्रमांक तसाच झळकत राहिला तर तो गॉगल परत ठेवा. ही ढोबळ चाचणी आहे, यंत्राची बरोबरी करत नाही, पण डोळ्यांना पटते. टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

या चाचणीत रस्त्यावरचे काही स्वस्त गॉगल पास होतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक मुळातच बरेचसे अतिनील किरण शोषतं. म्हणून किंमत हा पुरावा नाही, ना महागाचा, ना स्वस्ताचा. स्वस्तात नडतं ते बहुधा काचेचं वेडंवाकडंपण. गॉगल हातभर लांब धरा, त्यातून फरशीची किंवा दाराची सरळ रेघ बघा आणि हळूहळू हलवा. रेघ कुठेही लहरली, तुटली, फुगली तर तो घालून दुपारी डोकं दुखणार.

दुसरी पायरी : गडदपणा किती? दांडीच्या आत ० ते ४ असा वर्ग छापलेला असतो. वर्ग ३ मध्ये ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, आपल्या उन्हाला तो बरोबर. वर्ग ४ मध्ये ३ ते ८ टक्केच, तो घालून गाडी चालवायची नाही. रंग राखाडी, तपकिरी किंवा हिरवट घ्या. निळा-गुलाबी घेतलात तर दुकानाबाहेर उभं राहून सिग्नलचे रंग नीट ओळखता येतात का ते बघा.

पोलराइज्ड म्हणजे यूव्हीपासून संरक्षण, हा आजकालचा मोठा घोळ. पोलराइज्ड काच ओल्या रस्त्यावरून, पाण्यावरून, पुढच्या गाडीच्या बॉनेटवरून येणारी चकाकी कापते. महामार्गावर, होडीत ती सुख देते. यूव्ही वेगळं विचारायचं. खरी आहे का ते बघायला लॅपटॉपच्या पडद्यासमोर गॉगल धरून गोल फिरवा, एका कोनात काच काळी पडते. हाच तिचा तोटाही : गाडीतले काही डिजिटल आकडे तिच्यातून दिसेनासे होतात.

तिसरी पायरी फ्रेमची, आणि ती लोक फक्त आरशात बघून उरकतात. वरून, बाजूने, गालावरून परतून किती उजेड आत येतो ते उन्हात उभं राहून बघा. फ्रेम भुवईपर्यंत झाकणारी, कानशिलाकडे वळलेली हवी. सूर्य डोक्यावर असताना भुवई सावली देते, पण सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन सरळ डोळ्यात शिरतं. ढगाळ दिवशीही, ढग विरळ असतील तर, ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली पोचतात. शेतात, समुद्रावर, दिवसभर उन्हा-धुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मांस वाढून बुबुळावर सरकतं. मोतीबिंदूच्या कारणांतही हे किरण आहेत. गॉगलला अजूनही कॉलेजच्या पोरांची हौस समजतात याचं मला वाईट वाटतं. भर उन्हात खुरपणाऱ्या बाईला त्याची गरज जास्त आहे.

"माझ्या लेन्समध्येच यूव्ही आहे, मग गॉगल कशाला?" लेन्स साधारण १४ मिलिमीटरची असते. बुबुळ झाकलं जातं, पण मांस जिथे वाढायला लागतं तो पांढरा कोपरा आणि पापण्या उघड्याच राहतात. लेन्स घालणाऱ्यांनी दुचाकीवर तर गॉगल घालावाच, वाऱ्याने लेन्स वाळते आणि धूळ तिच्याखाली शिरते.

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा गाडीत काळ्या होत नाहीत, कारण त्यांना रंग आणणारे किरण पुढची काच आधीच अडवते. काच खराब निघाली म्हणून भांडायला येण्याआधी हे लक्षात घ्या. रात्रीच्या गाडीसाठी विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका, ते उजेड कमी करतात आणि अंधारात आपल्याला उजेडच हवा असतो. लहान मुलांना जत्रेतला खेळण्यातला गॉगल नको. त्यांच्या डोळ्यातलं भिंग जास्त नितळ असतं, किरण आतपर्यंत जातात.

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी वर्ग ४ चा, बाजूला झडपा असलेला गॉगल घ्यावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि दर हजार मीटर चढाईला ते आणखी १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. गॉगल न घालता दिवस काढला तर रात्री तंबूत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, उघडवत नाहीत. लेन्स नेत असाल तर सोल्युशनची बाटली रात्री झोपायच्या पिशवीत घ्या, बाहेर ठेवली तर गोठते.

जिथे गॉगल चालत नाही

वेल्डिंगला गॉगल चालत नाही, त्याचा मुखवटाच हवा. मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांपुढे चालत नाही. २०२३ च्या विसर्जनानंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे आल्या होत्या. झोत डोळ्यावर येतो आहे असं दिसलं की पाठ फिरवा, मुलांना खांद्यावर उचलून झोताच्या उंचीवर नेऊ नका.

आणि सूर्यग्रहणाला चालत नाही. दोन गॉगल एकावर एक घातले तरी नाही, एक्स-रेची फिल्म नाही, काजळी धरलेली काच नाही. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजत असताना काहीच जाणवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसतो. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्या भागातून खंडग्रास ग्रहण आहे. ग्रहणाचे खास चष्मे मिळाले तर त्यांवर आयएसओ १२३१२-२ छापलेलं आहे का आणि कुठे चरा नाही ना ते बघा. नसतील मिळाले आणि ढगांतून ऊन आलं, तर सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि घरातली पीठ चाळायची नव्हे, मोठ्या भोकांची चाळणी उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाखाली सूर्याची एकेक कोर उमटलेली दिसेल.